मालवणात पाण्याखाली: स्कूबाचा दिवस तिथी बघून ठरवा

मालवणला पहिल्यांदा स्कूबाला, म्हणजे सिलिंडरच्या हवेवर पाण्याखाली फिरायला गेले ती नाताळची सुट्टी होती. जेट्टीवर जत्रेसारखी गर्दी, बोटीत दाटीवाटी, आणि पाण्याखाली स्वतःची बोटं सोडली तर फारसं काही दिसलं नाही. पुढच्या खेपेला बोटीवरच्या काकांनी किनाऱ्यावरच अडवलं. "बाय, पैसे घालवूचे आसले तर आता चला. मासे बघूचे आसले तर परवा येवा." मी थांबले. परवा दशमी होती. तेच खडक, तोच किल्ला, पण नांगराचा दोर पार तळापर्यंत दिसत होता.

म्हणून हा लेख हॉटेल आणि पॅकेजपासून सुरू होत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून होतो. कोकणात पाण्याखाली काय दिसणार हे नव्वद टक्के तुम्ही कुठल्या दिवशी उतरता यावर ठरतं. बाकीचं दहा टक्के तुमच्या कानांवर, आणि त्याकडे आपण नंतर वळू.

महिना, मग तिथी, मग वेळ

पावसाळ्यात पर्यटकांसाठीचे जलक्रीडा प्रकार बंद असतात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत. बंदी उठली की लोक गणपती झाल्या झाल्या धावतात. पण गड नदी, कर्लीची खाडी आणि लहानमोठे सगळे वहाळ चार महिने लाल माती समुद्रात ओतत असतात. ती खाली बसायला वेळ लागतो. ऑक्टोबरात पाणी चहासारखं असू शकतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात चांगला. मार्च-एप्रिलही चालतो, पाणी तर मस्त कोमट असतं, पण दुपारी वारा जोर धरतो आणि जेलीफिश कधी दिसतील सांगता येत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. त्या दिवसांत समुद्र पावसाची तयारी करत असतो.

आता तिथी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. एवढं पाणी सहा-सहा तासांत आत-बाहेर करतं, तेव्हा तळाची वाळू आणि गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची हालचाल कमी, गाळ खाली बसलेला. भांगाचा खरा परिणाम अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी जाणवतो, म्हणजे नवमी-दशमीला.

याला आपल्याकडचा जुना हिशोब जोडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. हा आडाखा मुंबईच्या बाजूचा. मालवणला भरती मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून तास-अर्धा तास मागे धरा. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थांबतं. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, खाडीचं गढूळ पाणी मागे रेटलेलं असतं. उतरायचं ते तेव्हा.

दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर उत्तर दशमी-एकादशीची सकाळ असं येतं. भांग अजून सरलेला नाही, भरती सकाळी, आणि वारा अजून पडलेला. एकादशीला मासे खायचे नाहीत, बघायचे, असं आमच्याकडे त्यावरून गमतीनं म्हणतात. द्वादशीही चालेल. त्रयोदशीपासून मात्र पाणी पुन्हा पळायला लागतं.

वारा हा तिसरा भाग. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो, पाणी तेलासारखं. दुपारी बारा-एकनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि बोट हलायला लागते. त्यामुळे साडेसात ते दहा या वेळेतली बोट मागा. "दुपारी दोनची जागा आहे, थोडी स्वस्त पडेल" असं कोणी म्हणालं तर ती स्वस्त का आहे हे तुम्हाला आता माहीत आहे.

एवढं करूनही पाण्याची दृश्यता कधी तीन मीटर, कधी आठ-दहा मीटर. अंदमानचे फोटो डोक्यात घेऊन येऊ नका. हे नदीमुखांचं पाणी आहे आणि त्यात अन्न भरपूर आहे. म्हणून ते हिरवट आहे आणि म्हणूनच आपल्या ताटात बांगडा आहे.

नेमकं काय विकत घेताय?

मालवण, दांडी, तारकर्ली, देवबाग इथे "स्कूबा" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर दहा-पंधरा मिनिटं. मार्गदर्शक तुम्हाला मागून धरून ठेवतो, पुष्कळदा सिलिंडर बोटीवरच असतो आणि लांब नळीतून हवा येते. पोहता आलं नाही तरी चालतं. व्हिडिओ काढून देतात. वाईट नाही, पण याला डायव्हिंग म्हणणं म्हणजे लग्नाच्या वरातीतल्या घोड्यावर बसून घोडेस्वारी आली म्हणण्यासारखं आहे.

दुसरी: ओळखीची डाइव्ह. आधी उथळ पाण्यात किंवा तलावात सराव, मग स्वतःच्या पाठीवर सिलिंडर घेऊन, एका प्रशिक्षकाबरोबर, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत. वय किमान १० वर्षं. एकदाच करायचं असेल तर हेच करा.

तिसरी: ओपन वॉटर अभ्यासक्रम. तीन-चार दिवस, थोडा अभ्यास, तलावातले धडे आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमायला हवं. प्रमाणपत्र मिळालं की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं, जगात कुठेही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे खास यासाठी बांधलेला खोल तलाव आहे. समुद्रात घाबरण्याआधी तलावात घाबरून घेता येतं, हा त्याचा मोठा फायदा.

पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? (पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक किंवा फार तर दोन.) प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कुठलं आणि ते दाखवाल का? बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का? किती खोल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "चार वाव" असं आलं तर गोंधळू नका. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट, तेव्हा चार वाव म्हणजे सात-साडेसात मीटर. प्रश्न विचारल्यावर समोरचा वैतागला, तर त्याच्याकडे जाऊ नका. समोरच्याने उलट तुम्हालाच प्रश्न विचारले, दमा आहे का, सर्दी आहे का, रात्री घेतली होती का, तर तो माणूस बरा.

एका ठिकाणी मला आरोग्याचा फॉर्म "सगळीकडे नाही लिहा" म्हणून बोटीत बसल्यावर दिला होता. तो फॉर्म त्यांच्या फाइलसाठी असतो असा आपला समज असतो; खरं तर तो आपल्या जिवासाठी असतो. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाची किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही, मग बुकिंगचे पैसे बुडाले तरी बुडू देत.

कान

जो धडा मी दुखवून घेऊन शिकले तो आता सांगते.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्मी होते. पडदा आत ओढला जातो. पण सगळ्यात मोठा बदल तळाशी होत नाही, वरच्या पहिल्या तीन-चार मीटरमध्ये होतो. स्विमिंग पूलच्या खोल टोकाला कान दुखतो तो याचमुळे.

उपाय सोपा आहे: मास्कवरून नाक चिमटीत धरा, तोंड बंद, आणि नाक शिंकरल्यासारखी हळूच हवा लोटा. कानात टिक आवाज येतो, म्हणजे कान सुटला. विमानात जांभई देतो, त्यातलाच प्रकार. नियम असा की दुखायच्या आधी करायचं. पाण्यात डोकं घालण्यापूर्वी एकदा, मग दर अर्ध्या मीटरला एकदा. खाली जाताना पाय खाली, डोकं वर ठेवा. उलटं होऊन गेलात तर कान सुटायला जास्त त्रास होतो.

सुटला नाही तर? मीटरभर वर या, मान जरा वाकडी करा, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावायचा नाही. माझ्या दुसऱ्या डाइव्हला मला किंचित सर्दी होती, आदल्या रात्री गोळी घेतली होती, सकाळी नाक मोकळं वाटलं. सहा मीटरवर डावा कान अडला. सोबतचे सगळे खाली पोचलेले, मी वर तरंगत. लाजेपायी जोरात फुंकलं. सुई टोचल्यासारखं झालं आणि नंतर पंधरा दिवस त्या कानाने सगळं गादीखालून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. गोळीचं आणखी एक कळलं: तिचा असर पाण्याखालीच उतरला तर खाली गेलेली हवा वर येताना अडकते, आणि ते जास्त वाईट. सर्दी असेल तर किनाऱ्यावर बसा, सोलकढी प्या, किल्ला बघा.

बोटीवर

सकाळचं खाणं हलकं. घावणे दोन ठीक, वडे-सागोती नको. बोट लागत असेल तर गोळी अर्धा-एक तास आधी घ्या, पण झोप आणणारी नको. आदल्या रात्रीची दारू पूर्ण टाळा. पाणी मात्र भरपूर प्या. उन्हाचं क्रीम फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट घाला, क्रीम शेवटी प्रवाळावरच जाऊन बसतं.

मास्क: पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हवा आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर मापाचा. आत एकही केस नको. बायकांनी कपाळावरचे केस मागे बांधून घ्यावेत. मिशी असेल तर तिथून पाणी झिरपतं. माझ्या दिरांनी मिशी काढायला साफ नकार दिला, त्यांच्या वरच्या ओठावर व्हॅसलीन थापून काम भागवलं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून, चोळून, समुद्राच्या पाण्याने विसळायचं. घाण वाटतं, पण याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

सिलिंडर: त्यात नुसता ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता श्वासात घेतोय तीच हवा दाबून भरलेली असते. ही चूक वर्तमानपत्रंही करतात. साधारण ११ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाला (हवेच्या साध्या दाबाच्या सुमारे दोनशेपट) भरतात, म्हणजे २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार हात न लावता राखून ठेवायचे. उरले १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो; १० मीटरवर त्याच श्वासाला दुप्पट हवा लागते, म्हणजे ४० लिटर. चाळीस मिनिटं सहज. घाबरलेला माणूस ३० लिटर घेतो, तिथे ६०, आणि सत्तावीस मिनिटांत वर. शांत राहण्याचं बक्षीस इतकं सरळ मोजता येतं.

उतरण्यापूर्वी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा: दाबमापकाचा काटा २०० च्या जवळ आहे का, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते उपकरण) तोंडात घेऊन चार श्वास घेताना काटा थरथरत तर नाही (थरथरला तर झडप पूर्ण उघडलेली नाही), हवेला डिझेलचा किंवा तेलाचा वास तर नाही. वास आला तर तो सिलिंडर घेऊच नका. भरताना कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो, आणि धुरातला विषारी वायू खोलवर जास्त त्रास देतो. बोटीवर असेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात. फोटोसाठीही काढू नका.

पहिली पाच मिनिटं

एकच नियम पाठ करा: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती तशीच घेऊन वर आलात तर आतली हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. दोन मीटरच्या पाण्यातही हे होऊ शकतं. म्हणून आत, बाहेर, आत, बाहेर. बाहेर सोडताना लांब. हुंकार दिल्यासारखं बारीक "हंऽऽ" म्हणत सोडलं की आपोआप लय लागते.

हाताच्या खुणा किनाऱ्यावरच ठरवून घ्या. अंगठा वर म्हणजे "मस्त" नव्हे, "वर चला". अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल म्हणजे "ठीक आहे". पहिल्या डाइव्हला आपण सगळेच खूष होऊन अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक आपल्याला इमानदारीत वर घेऊन जातो. तळहात हलवून कानाकडे बोट म्हणजे कान अडलाय.

मास्कमध्ये पाणी गेलं तर घाबरायचं नाही: वरची कड कपाळाला दाबा, मान जरा वर, नाकाने हवा सोडा, पाणी खालून निघून जातं. हे तलावात दहा वेळा करा. समुद्रात पहिल्यांदा करू नका.

हातांनी पोहायचं नाही. हात छातीशी, पाय मांडीपासून, संथ. हात मारणारा माणूस हवा उधळतो आणि वाळू उडवून मागच्याचं दिसणं बंद करतो.

खडकावर काय बघाल

सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं ते कुरटे बेटावर, म्हणजे समुद्रातल्या खडकावरच. तो खडक तटाखाली थांबत नाही, पाण्याखालून पुढे पसरतो, पद्मगडाच्या बाजूलाही. किल्ल्याभोवतालचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यावर मत बनवू नये, असं मला वाटतं. तुमची बोट चालवणारा बहुधा त्यांच्यापैकीच एक असतो.

इथलं प्रवाळ फांद्याफांद्यांचं क्वचितच दिसेल. गाळ बसणाऱ्या पाण्यात फांद्यांपेक्षा गोल गठ्ठे आणि खडकाला पापुद्र्यासारखे चिकटणारे प्रकार तग धरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो शेवाळलेला धोंडाच वाटतो. हातभर अंतरावर थांबा आणि बघा. पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे दिसतील, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. प्रत्येक खळग्यात एक जीव आहे. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवून त्याला देतं. पाणी फार तापलं की तो त्या शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. असा फुटबॉलएवढा गोळा व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात, आणि पायात घातलेल्या फिनचा (पोहायच्या वल्ह्याचा) एक फटका त्याला खरवडायला पुरतो. कुठलंही कठीण प्रवाळ तोडणं किंवा उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वाळूत पडलेला मेलेला तुकडाही तिथेच राहू द्या.

सगळं निळंहिरवं का दिसतं? पाणी लाल रंग आधी शोषतं, पाच-सहा मीटरवर तो जवळजवळ गेलेला असतो. छोटा टॉर्च लावा. राखाडी वाटणारा खडक एकदम विटकरी, केशरी, जांभळा होतो. माझ्या लेखी स्कूबाचा सगळ्यात मोठा आनंद हा टॉर्चच्या वर्तुळातला आहे.

पोपट मासा खडक कुरतडताना कानाला चक्क कुडूम कुडूम ऐकू येतो. फुलपाखरू मासे जोडीने फिरतात. कपारीत डोकावलात तर शेवंडीच्या मिशा दिसतील, गोबरा तोंड वासून बसलेला असेल, नशिबात असलं तर म्हाकूल रंग बदलताना दिसेल. वाळूवर पाकट पुरलेलं असतं, म्हणून तळावर उभं राहायचं नाही. काटेरी गोळे, पिसारा फुलवलेला लायनफिश, कपारीतली वाम यांना हात लावला नाही तर ते तुमच्या वाटेला जात नाहीत.

पाव टाकून मासे गोळा करण्याचा प्रकार बऱ्याच बोटींवर चालतो. व्हिडिओ छान येतो. मी आधीच सांगते, "पाव नको, दादा". मासे मग जरा कमी येतात, पण जे येतात ते आपापल्या कामाला आलेले असतात.

बुडालेली जहाजं

मालवणच्या दहा-पंधरा मिनिटांच्या सफरीत जहाज दिसेल या आशेवर राहू नका. कोकण किनाऱ्यावर जहाजाच्या सांगाड्यावर डाइव्ह करायची तर सोयीची जागा गोव्यात, मुरगावजवळचं ग्रांद बेट. तिथला "सुझीज रेक" ओपन वॉटर झालेल्याला झेपेल एवढ्या खोलीवर आहे. सिंधुदुर्गात यापुढची गोष्ट वेगळी असेल: १९८५ मध्ये नौदलात आलेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका, निवती रॉकजवळ बुडवून तिथे कृत्रिम प्रवाळखडक आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतली.

वाळूच्या सपाट तळावर लोखंडाचा एक ठोकळा पडला की काय होतं? कालवं, बार्नेकल, स्पंज यांना चिकटायला कठीण जागा मिळते. त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे तांबोसे आणि गोबरे. मच्छीमारांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. खाली काहीतरी पडलंय अशा जागा ते किनाऱ्यावरच्या देवळाची आणि डोंगराची रेष जुळवून लक्षात ठेवतात.

सांगाड्यावर जाताना तीन धोके. एक, आत शिरणं. दार उघडं दिसतं, पण आत फिनच्या एका हलण्याने गंज आणि गाळ उठतो आणि बाहेरची वाट दिसेनाशी होते. डोक्यावर छत असल्याने सरळ वर येता येत नाही. त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं, ते घेतल्याशिवाय बाहेरूनच बघायचं. दोन, अडकलेली जाळी. नायलॉनचा धागा पाण्यात दिसत नाही. सोबत छोटा कटर ठेवा, अडकलात तर गरकन वळू नका, थांबा, जोडीदाराला खूण करा. तीन, गंजलेले पत्रे. पूर्ण बाह्यांचा वेटसूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन्ही हवंच.

खालून काही उचलून आणू नका. गोव्याजवळच्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफांबरोबर तिथे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात निघाले, म्हणजे आफ्रिकेचा माल. एखादा दात कोणी आठवण म्हणून आधीच घरी नेला असता, तर त्या जहाजाची वाट कळलीच नसती. आणि काही जहाजं तर कबरीच आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावर अजून त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली येतो.

आंग्रिया बँकबद्दल हमखास विचारलं जातं. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं हे बुडीत प्रवाळपठार किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आहे, त्याचा माथाच वीसेक मीटर खोल आहे. तिथलं पाणी स्वच्छ आहे, पण ते शनिवार-रविवारचं काम नव्हे. आधी पन्नासेक डाइव्ह करा.

वर येताना आणि वर आल्यावर

वर यायचं ते स्वतःच्या सगळ्यात लहान बुडबुड्यापेक्षा हळू, मिनिटाला नऊ मीटरच्या आत. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघायला वेळ लागतो; घाई केली तर सोड्याची बाटली झटकन उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. एक हात डोक्यावर उंच धरून वर या, वर बोट असू शकते.

बहुतेक लोक इथपर्यंत सगळं बरोबर करतात आणि पुढे चुकतात. सकाळी डाइव्ह, दुपारी सुरमईचं ताट, आणि तीन वाजता गाडी आंबोलीच्या रस्त्याला. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणजे वर सांगितलेली बाटली पुन्हा उघडल्यासारखंच. गगनबावड्याचा घाट चढलात तरी तेच. विमानासाठी जो नियम आहे तोच घाटालाही लावा: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग दिवस केल्या असतील तर १८ तास. चिपी किंवा मोपाहून संध्याकाळचं विमान असेल तर सकाळी पाण्यात जाऊ नका. कोकण रेल्वेने जाणार असाल तर काळजी कमी, ती किनाऱ्याकिनाऱ्याने जाते.

त्या दिवशी सांधे दुखणं, अंगावर चट्टे, हातापायाला मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर यांपैकी काही जाणवलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून झोपू नका. प्रशिक्षकाला फोन करा, ऑक्सिजन मागा, डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की डाइव्ह केली होती. साध्या दवाखान्यात ते आपणहून विचारणार नाहीत.

मग गोड्या पाण्याने कान धुवा, मऊ फडक्याने टिपा, वाळवा. आणि मुक्काम करा. माझी वही अशी भरलेली असते: तारीख, तिथी, भरतीची वेळ, खोली, किती मिनिटं, शेवटी किती बार उरले, पाण्याची नजर (दृश्यता) किती. शेवटच्या रकान्यात काय दिसलं ते. मागच्या एकादशीच्या ओळीत लिहिलंय: "४२ मिनिटं, ६० बार, नजर ८ मीटर, शेवंड २, म्हाकूल १, काकांनी परतायची घाई केली नाही."